वादळ संध्याकाळपर्यंत

त्याला ऑफिसात सगळे हाहाकार म्हणायचे. "हाहाकार, चहा घेणार का?" "हाहाकार आज दिसला नाही कुठं?" असं अगदी सहज. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, आणि त्यालाही वाटेनासं झालं होतं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव ओळखपत्रापुरतं उरलं होतं, आणि ते ओळखपत्र तो उलटं लटकवायचा.

बातम्यांच्या वाहिनीवर पडद्याच्या तळाशी लाल पट्टी सरकत असते ना, ती लिहिणं हे त्याचं काम. निवेदिकेला लोक रस्त्यात ओळखतात, बातमीदाराबरोबर फोटो काढतात. पट्टी लिहिणाऱ्याला कोण विचारतो? पट्टी म्हणजे भिंतीवरच्या शेवाळासारखी, आपोआप उगवते असाच सगळ्यांचा समज. ती रोज सकाळी एका माणसाला खुर्चीत बसून, पाठ मोडून लिहावी लागते, हे कुणाच्या गावीही नसतं.

मुळात हा माणूस साधा. आधी एका छोट्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. 'अतिशय' शब्द दिसला की खोडायचा. 'प्रचंड' दिसला की आधी खोडायचा आणि मग लिहिणाऱ्याला बोलावून घ्यायचा. ते वर्तमानपत्र बंद पडलं आणि हा वाहिनीत आला. पहिल्या दिवशी त्यानं पट्टी लिहिली, "उद्या दुपारनंतर पावसाची शक्यता." संपादकबाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही पट्टी आहे की वाचनालयाच्या दारावरची सूचना?" त्या म्हणाल्या.

त्याला राग आला. रागाच्या भरात, निव्वळ टोमणा मारायचा म्हणून त्यानं लिहिलं, "पावसाचा हाहाकार! शहर वेठीला! पुढचे काही तास जीवघेणे!" बाईंनी वाचलं, त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि पट्टी गेली. टोमणा कुणाला कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक वाढल्याची बातमी आली, पेढे नाही पण सामोसे आले, आणि त्या दिवशी त्याचं बारसं झालं.

मग काय, हात मोकळा सुटला. भुरभुर असेल तर 'तडाखा', सर आली तर 'थैमान', झाडाची फांदी मोडली तर 'तांडव'. उन्हाळ्यात शहर 'होरपळायचं', हिवाळ्यात 'गारठ्याच्या विळख्यात' सापडायचं, आणि ज्या दिवशी यातलं काहीच नसायचं त्या दिवशी 'निसर्गाचं मौन, तज्ज्ञ धास्तावले.' तिखटाची सवय झालेल्या जिभेला साधं काही लागत नाही. दर वर्षी मिरची वाढवत न्यावी लागते, आणि मिरची कांडायला हा बसलेलाच.

हवामान कचेरीतले एक वयस्कर अधिकारी रोज त्याला फोनवर माहिती द्यायचे. ते एकदा म्हणाले, "अहो, पृथ्वी तापतेय हे खरंच आहे. माझी त्यावर झोप उडते. पण ते हळूहळू चाललंय, मंद आचेवरचं आधण तापावं तसं. तुम्ही रोज सकाळी जग बुडवता आणि रात्री जाहिराती लावून वर काढता. खरोखरच कुठं पाणी चढेल, तेव्हा लोक तुमचं ऐकतील का?"

"खरंय तुमचं, साहेब," हा म्हणाला, आणि लिहिलं, "पृथ्वीची झोप उडाली!" कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच. वाईट वाटलं नाही असं नाही. संध्याकाळी घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. पण घरी गेल्यावर ते सांगायला कुणी नव्हतं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची दीड खोली. लग्न झालं होतं, ते दोन-तीन वर्षं कसंबसं टिकलं. बायको भांडून गेली नाही, हळूहळू कमी बोलत गेली आणि एक दिवस बॅग घेऊन बहिणीकडे गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून घरात एकच कप वापरात होता. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस, हे या हवामानवाल्याला खाली उतरल्याशिवाय कळत नसे. सुटीच्या दिवशी तो कुणाशीही न बोलता राहायचा. सोमवारी चहावाल्याला "एक कटिंग" म्हणताना स्वतःचाच आवाज त्याला परका वाटायचा. एकटेपणाची सवय होते म्हणतात. खोटं आहे. एकटेपण लपवायची सवय होते.

त्याला माणूस उरलं होतं ते एकच, आई. ती एक दिवसाच्या बसप्रवासावर, किनाऱ्यालगतच्या गावात राहायची. मुलाकडे ये म्हटलं तर म्हणायची, "तुझ्या दीड खोलीत मी बसू कुठं आणि उठू कुठं?" म्हातारी खणखणीत होती, फक्त कान गेले होते. कानात घालायचं यंत्र आणून दिलं तर ते शिट्टी वाजवतं म्हणून तिनं डबीत घालून ठेवलं. एक डोळाही जुन्या दुखण्यानं गेला होता. दुसरा मात्र घारीचा. मुलानं घेऊन दिलेल्या भल्यामोठ्या टीव्हीसमोर ती खुर्ची ओढून बसायची. निवेदिका काय बोलते ते तिला ऐकू येत नसे, आणि येण्याची गरजही नव्हती. ती पट्टी वाचायची.

फोन दर रविवारी व्हायचा. फोन ती करायची, बोलायचीही तीच. "जेवलास का? बरं. इकडे सगळं ठीक आहे. समोरचीनं परवा पाव आणून दिला. तू काही बोलतोयस का? मला काही ऐकू येत नाही हो. बरं, ठेवते." हा तिकडून "आई, आई, ऐक ना" करत राहायचा आणि फोन बंद झालेला असायचा. पत्र लिहावं तर दिवसभर लिहून बोटं आंबलेली. असं किती दिवस चालणार?

मग एकदा त्याला युक्ती सुचली. थंडीचे दिवस होते. 'गारठ्याचा विळखा' लिहून झाल्यावर त्यानं पुढे जोडलं, "ज्येष्ठांनी पायमोजे घालूनच झोपावं." रविवारी आईचा फोन आला. "घातले हो पायमोजे. तूच लिहिलंस ना ते? मी लगेच ओळखलं." त्या दिवशी तो फोन ठेवून कितीतरी वेळ नुसता हसत बसला होता.

तेव्हापासून तो पट्टीतून आईशी बोलू लागला. जगबुडीच्या दोन बातम्यांच्या मध्ये हळूच एक वाक्य. "ज्येष्ठांनी दुपारची गोळी चुकवू नये." "स्टुलावर चढून जाळी काढण्याचं धाडस नको." एकदा तर तुफान पावसाच्या पट्टीत "गुडघ्यांना तेल लावून स्वस्थ बसा" असं गेलं. संपादकबाईंनी विचारलं, "हे तेल कुठून आलं?" हा शांतपणे म्हणाला, "हवामान खात्याचा सल्ला आहे." बाईंनी मान डोलावली. जोवर पट्टी घाबरवतेय तोवर तीत तेल असो की तूप, त्यांची तक्रार नसे.

एवढ्या मोठ्या देशाला भीती घालणारा हा माणूस, त्याचा खरा वाचक एकच होता. आणि खरं सांगायचं तर, दिवसातलं तेवढं एक वाक्य लिहिण्यासाठीच तो कामावर जात होता.

पण त्यात एक गोम होती, आणि ती त्याच्या लक्षात आली नाही. कुठलं वाक्य जगासाठी आणि कुठलं आपल्यासाठी, हे आईला कसं कळावं? तिच्या लेखी सगळी पट्टीच मुलानं लिहिलेली. तांडवही त्याचंच, पायमोजेही त्याचेच. 'शहर वेठीला' वाचून ती मेणबत्त्या आणून ठेवायची, 'जीवघेणं ऊन' वाचून भर मार्चमध्ये दारंखिडक्या लावून बसायची. समोरची हसायची. समोरची म्हणजे समोरच्या घरात शिवणकाम करणारी बाई, पन्नाशीची, तोंडानं फटकळ आणि मनानं सोनं. ती कागदावर लिहून दाखवायची, 'काकू, बाहेर काही नाही.' त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "माझ्या मुलापेक्षा तुला जास्त कळतं का गं? तो बातम्यांत आहे."

मग आईचा उरलेला डोळा बिघडला. आधी काळ्या माश्या उडाल्यासारखं दिसायचं, मग वरून सावली उतरू लागली. समोरची तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला पडदा सुटत चाललाय. त्याचा मधला भाग अजून शाबूत आहे, तोवर ऑपरेशन झालं पाहिजे. उद्या सकाळी मोठे डॉक्टर येतायत, ते आठवड्यातून एकदाच येतात. उद्या चुकलं तर नजर परत येईल याची हमी नाही.

समोरचीनं त्याला फोनवर सगळं सांगितलं. हा डोळा गेला तर आई आत आणि आपण बाहेर, मधलं दार कायमचं बंद. तो तडक रजा मागायला गेला.

"आज?" संपादकबाई म्हणाल्या. "समुद्रात वादळ आलंय, हाहाकार. आज सगळ्यांच्या रजा रद्द. उद्या दुपारी निघा, मी अडवणार नाही."

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या डोक्यावरही कुणी होतं आणि त्या कुणाच्या डोक्यावर आणखी कुणी. त्यानं समोरचीला सांगितलं, "उद्या तुम्ही घेऊन जा, मी परवा सकाळी पोचतो." ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं? गाडी ठरवून ठेवलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवामान कचेरीचा फोन आला तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. "वादळ वळलं," अधिकारी म्हणाले, "आत समुद्रात गेलं. किनाऱ्यावर फार तर दोन सरी. आता तरी लोकांना मोकळं करा."

किनाऱ्यावर पाठवलेला बातमीदार तोवर पडद्यावर उभा होता. रेनकोट घालून, पाय फाकवून, वाऱ्यानं उडून जाऊ की काय असा तिरका. बिचारा जिवाच्या आकांतानं ओरडत होता. त्याच्या मागच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेली चादर तसूभरही हलत नव्हती.

"चादर कापा!" संपादकबाई ओरडल्या. चौकट लहान झाली, चादर गेली, बातमीदार राहिला. "आणि हाहाकार, तिकडे ऊन पडलंय त्याचं काहीतरी करा. लोक चॅनेल बदलतायत."

त्यानं काहीतरी केलं. सवयीचा हात, त्याला विचार लागत नाही. "ही वादळापूर्वीची शांतता! ऊन पाहून फसू नका! घराबाहेर पाऊल म्हणजे मृत्यूला आमंत्रण!" पट्टी सुरू झाली आणि तो चहा आणायला उठला. वाक्य लिहिताना त्याच्या मनात आई नव्हती. मनात ऑपरेशन होतं, रात्रीची बस होती. आपण आत्ता जे लिहिलं ते किनाऱ्यावरच्या एका खोलीत, टीव्हीपुढे ओढलेल्या खुर्चीत वाचलं जाईल, हे त्याला सुचलंच नाही.

चहाचा कप टेबलावर ठेवतो तोच समोरचीचा फोन आला.

"अहो, तुमची आई निघायलाच तयार नाही! साडी नेसून, पिशवी घेऊन अगदी दारात आली होती. चष्मा विसरला म्हणून आत गेली, टीव्ही बघितला आणि बसली ती बसलीच. म्हणते वादळ येतंय. इकडे लख्ख ऊन पडलंय! दाखवलं तर म्हणते, ऊन पाहून फसू नका असं लिहिलंय. गाडीवाला खाली भोंगा वाजवतोय. तुम्ही काहीतरी सांगा तिला."

"फोन तिच्या कानाला लावा," तो म्हणाला. आणि भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत तो ओरडला, "आई, जा! वादळ नाही! आई, जा!"

पलीकडून आईचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा मोठा. "जेवलास का? मी घरातच आहे हो, काळजी करू नकोस. तू सांगितलंस ना, मी पाऊलसुद्धा बाहेर टाकलं नाही. बरं, ठेवते."

समोरचीनं कागदावर लिहून दाखवलं असतं तरी आईनं ते मानलं नसतं. आईशी बोलायची एकच वाट त्याला ठाऊक होती, आणि ती वाट समोर टेबलावर होती. त्यानं लिहिलं, "वादळाचा धोका टळला, बाहेर पडण्यास हरकत नाही. ज्येष्ठांनी ठरलेल्या ऑपरेशनला जावं." आणि संपादकबाईंच्या होकारासाठी पाठवलं.

बाई स्वतः उठून आल्या. "हे काय? टळला?"

"कचेरीनं कळवलंय. वळलं वादळ."

"मलाही कळवलंय." बाईंनी आवाज खाली आणला. "पण पाच वाजता चर्चा आहे. तीन तज्ज्ञ घरून निघालेत, त्यांच्या मागे पडद्यावर फिरवायचा पृथ्वीचा गोळा तयार आहे. आत्ताच टळला म्हटलं तर त्यांच्यापुढे काय ऊन वाढू? वादळ संध्याकाळपर्यंत ठेवायचंय."

"बाई, माझी आई..." त्यानं सांगितलं. भराभरा, अर्धं गिळत, डोळा, पडदा, गाडी, सगळं सांगितलं. आपल्या आईबद्दल तो ऑफिसात पहिल्यांदाच बोलत होता.

"फोन करा ना मग."

"तिला ऐकू येत नाही."

"शेजारी समजावतील."

"तिचा फक्त माझ्या पट्टीवर विश्वास आहे."

बाईंना वाटलं हा गंमत करतोय. त्या हसल्या. "चला, म्हणजे निदान एक प्रेक्षक तरी आपल्यावर विश्वास ठेवून आहे." आणि त्या वळून गेल्या.

आयुष्यात त्यानं कधी कुणाची आज्ञा मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. होकाराची वाट न बघता त्यानं ओळ सोडून दिली. घाईत फक्त पहिलं वाक्य गेलं, "वादळाचा धोका टळला, बाहेर पडण्यास हरकत नाही." लाल पट्टीवर ते साधं, सरळ वाक्य सरकू लागलं. कितीतरी वर्षांनी त्यानं खरं काहीतरी लिहिलं होतं. तो उभा राहून, ओठ हलवत, ते वाचत होता. आई, वाच. आई, ऊठ.

दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, आरडाओरड झाली, त्याला खुर्चीतून उठवलं. त्याच्या जागी बसलेल्याला नवीन काही लिहावंही लागलं नाही. यंत्रात जुनी ओळ होतीच, एक बटण दाबलं की परत. "ऊन पाहून फसू नका! घराबाहेर पाऊल म्हणजे मृत्यूला आमंत्रण!" स्वतःचंच वाक्य स्वतःच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुन्हा जाताना तो बघत राहिला. मग बॅग उचलून स्टँडवर गेला. चपराक बसल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं, बसमध्ये शेजारच्यानं विचारलंही, "कुणी गेलं का घरातलं?"

तो पोचला तेव्हा सकाळ झाली होती. गाव कोरडं ठणठणीत. आई खुर्चीतच होती, टीव्ही चालू होता. त्याच्या पायांचा धक्का जमिनीला लागला तशी ती वळली, पण बघितलं भलतीकडेच.

"कोण? समोरची का? अगं, टीव्ही बिघडला वाटतं. वरून काळं काळं येत होतं ते आता खालीही आलं. पट्टीसुद्धा दिसत नाही बघ."

त्यानं तिचे हात धरले. तिनं त्याची बोटं चाचपली, मनगट चाचपलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे! तू एवढ्या वादळात कशाला आलास?"

त्यानं तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पट्ट्या काढल्यावर आईला खिडकीकडे थोडा उजेड आहे एवढं कळत होतं, बाकी काही नाही. "एक दिवस आधी आणलं असतंत तर," डॉक्टर म्हणाले. बैल गेला आणि झोपा केला, एवढंच आता उरलं होतं.

इस्पितळात एका परिचारिकेनं त्याला दाखवलं, आईच्या तळहातावर बोटानं अक्षरं कशी काढायची. मोठी काढायची, एकेक काढायची, आई मान हलवेपर्यंत थांबायचं. नोकरीवर तो परत गेला नाही. वाहिनीचं काही अडलं नाही, हाहाकार दुसरा कुणी करू लागला. हा आईच्या गावी राहिला. सकाळी तिच्या हातावर 'चहा' लिहायचा, मग 'गरम' लिहायचा. पूर्वी एका दमात जग बुडवणारा माणूस, आता त्याला 'गोळी घे' लिहायला अर्धा चहा निवेपर्यंत वेळ लागायचा. मोठे शब्द आईला कळत नसत, तिसऱ्या अक्षरावर पहिलं विसरायची. समोरची येऊन बसायची, काही न बोलता शिवत राहायची. तिनं त्याला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

एका दुपारी आईनं आपणहून विषय काढला. खिडकीपाशी बसली होती, ऊन तिच्या मांडीवर आलं होतं.

"तुला एक सांगायचं राहिलंच की. त्या दिवशी तुमच्या पट्टीत कुणीतरी घुसलं होतं."

त्यानं तिच्या हातावर लिहिलं, 'कोण?'

"आता मला काय ठाऊक कोण? मध्येच लिहिलं होतं, धोका टळला, बाहेर पडायला हरकत नाही. मी अर्धी उठलेही होते. मग म्हटलं, छे, हे माझ्या मुलाचं लिहिणं नव्हे. तो असं कोरडं लिहीतच नाही. तुझी भाषा मी झोपेतसुद्धा ओळखेन. आणि बघ, लगेच तुझी ओळ परत आली. मी म्हटलं, आलं बाई माझं बाळ."

त्याला वाटलं, आपण आत्ता इथून उठून जावं. तो गेला नाही. त्यानं आईचा हात नीट उघडला आणि लिहिलं, 'ते मी.'

"ते तू? धोका टळला, ते?" आई हसली. "उगाच कुणाला पाठीशी घालू नकोस. चुकला असेल कुणी, जाऊ दे."

त्यानं पुन्हा लिहिलं, जोर देऊन, अक्षर अक्षर सुटं. 'वादळ आलंच नाही.' आई ओठांनी जुळवत गेली. वा. द. ळ. जुळवून झाल्यावर तिनं मान हलवली. त्यानं पुढे लिहिलं, 'मी खोटं लिहिलं.'

तिनं तळहात तसाच मांडीवर, उन्हात उघडा ठेवला. त्याला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर एक ठेवून देईल. दोन्हींसाठी तो तयार होता, खरं तर आतुरच होता.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "आलं नाही म्हणजे टळलं म्हणायचं, त्यात खोटं कसलं? येणारं सांगून ठेवणं तुझं काम, ते तू केलंस. नाहीतर माझं काय झालं असतं? साडी नेसून, पिशवी घेऊन मी निघालेच होते की त्या दिवशी."

आणि त्यानं पुढचा शब्द लिहावा म्हणून तिनं तळहात पुन्हा त्याच्यापुढे केला.